देवाजीची बत्तिशी

मागावर बसण्याआधी देवाजी रोज सकाळी आरशाचा तुकडा उजेडाला धरून आपले दात मोजायचा. बत्तीस भरले की आरसा खाली ठेवायचा आणि मोठा उसासा सोडायचा. दात पूर्ण भरल्यावर माणसानं उसासा का सोडावा, हे मैनाबाईला तीस वर्षांच्या संसारात उमगलं नव्हतं.

"भरले नं जी सारे? मंग तोंड काहून पाडता?"

"आज भरले वं. उद्याचं कोणी सांगावं?"

देवाजीचा स्वभावच तसा. लग्नाच्या पंगतीत बसला तरी वाढपी यायच्या आधी त्याला अजीर्ण दिसायचं. पण दातांच्या बाबतीत त्याची भीती अगदीच उगाच होती असं म्हणता येणार नाही. विणकरांच्या टिमकी मोहल्ल्यात आनंदरावांचा आठ हातमागांचा कारखाना होता, देवाजी तिथंच विणायचा. एका पत्र्याखाली आठ माग शेजारी शेजारी बसवलेले. दोरीला झटका दिला की लाकडी धोटा लुगड्याचं सूत घेऊन मागाच्या या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत धावायचा. धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी चोची. पेटीवर जोरात आपटून उसळला किंवा एखादा धागा तुटून आडवा आला की धोटा वाट सोडून मागाबाहेर उडायचा आणि शेजारच्या मागावर कोण बसलाय याची चौकशी न करता त्याच्या तोंडावर जायचा.

त्यासाठी कारखान्यात एक कायदा होता. ज्याचा धोटा उडेल त्यानं "धोटाऽऽ!" म्हणून ओरडायचं. ओरड ऐकली की आठही माना एकदम खाली. ओरडूनही कोणाला लागलं तर ते ज्याचं त्याचं नशीब. पण न ओरडता लागलं तर ज्याला लागलं तो मागेल ते द्यायचं. आनंदरावांच्या वडिलांपासून हा कायदा चालत आला होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

देवाजीच्या आजाचे दोन दात धोट्यानं नेले होते. बाप नत्थूजी, त्याचेही समोरचे दोन. आजाचं काही बिघडलं नाही, तो नुसता ज्वारीची भाकर कुस्करून खायला लागला. बापाचं मात्र बिघडलं. गल्लीतल्या राममंदिरात रामनवमीला भर दुपारी रामजन्माचा पाळणा म्हणायचा मान देवाजीच्या घरी होता. दात गेल्यानंतरच्या रामनवमीला नत्थूजी पाळणा म्हणायला उभा राहिला आणि शब्दाशब्दाला तोंडातून शिट्टी निघू लागली. पोरं हसली. तिसऱ्या कडव्यात नत्थूजी थांबला, खाली बसला, आणि पुढं बारा वर्षं जगला तरी मागावर साधं गुणगुणलासुद्धा नाही. घरातला माग चालायचा, त्याचा खटखटाट व्हायचा आणि त्यामागं बाप मुका बसलेला असायचा. देवाजी तेव्हा आठ वर्षांचा होता. "पोरं हसली म्हणून बाबानं गाणं सोडलं," असं घरात सांगत. देवाजीही तसंच सांगायचा.

पाळणा बरीच वर्षं दुसऱ्याच्या घरी गेला. देवाजीनं तिशीत तो परत आणला आणि वीस वर्षं जपला. एवढंच त्याच्या आयुष्यात मिरवण्यासारखं होतं. म्हणून तो दात मोजायचा. मैनाबाईचा एक समोरचा दात बारा वर्षांपूर्वीच गेला होता, पण तिला कुठं पाळणा म्हणायचा होता!

त्र्याहत्तर सालच्या माघात मैनाबाईचा भाचा कृष्णकांत घरी आला. तो रेल्वेत होता आणि रेल्वेकडून बॉक्सिंग खेळायचा. नाक चपटं झालेलं, एक भुवई फाटून शिवलेली, पण हसला तेव्हा दात असे की देवाजी बघतच राहिला.

"एवढे ठोसे खातं, मंग दात कसे राह्यले गा तुझे?"

कृष्णकांतनं खिशातून रुमालात गुंडाळलेली रबराची एक वाकडी पट्टी काढली. "हे दातावर चढवतो मामाजी. मंग कोणी कितीबी मारो."

देवाजीनं ती पट्टी देवाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांत घेतली. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा उसासा सोडला नाही.

दुसऱ्याच दिवशी तो इतवारी बाजारात गेला. भांड्यांच्या दुकानांवरच्या माडीवर भैयाजी दात काढायचे आणि बसवायचे. पाटीवर लालभडक ओठ रंगवले होते आणि त्यांत दात होते कमीत कमी चाळीस.

"कोणता काढाचा?" भैयाजींनी चिमटा उचलला.

"काढाचा नाई जी. राखाचे हाय. सारे."

"दुखते का?"

"नाई."

"हालते?"

"नाई जी."

"मंग इथं काहून आला गा? पन्नाशीत धड बत्तीस दात घेऊन माझ्या दुकानाची पायरी चढतं. धंद्याले अपशकुन करून राह्यला का?"

देवाजीनं कृष्णकांतची पट्टी कशी होती ते समजावून सांगितलं. भैयाजींनी त्याच्या काटकुळ्या दंडांकडे पाहिलं. "या वयात बॉक्सिंग खेळतं?"

"माग चालवतो जी."

"मागावर कोणी मारते का?"

"मागच मारते."

भैयाजींनी चिमटा खाली ठेवला. देवाजीच्या तोंडात प्लास्टरचा गोळा कोंबून त्यांनी साचा घेतला आणि आठ दिवसांनी लाल रबराचं एक जाडजूड टोपण त्याच्या वरच्या दातांवर दाबून बसवलं. ते बसताना देवाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"घट्ट हाय नं?" भैयाजी म्हणाले. "घट्टच पाहिजे. ढिलं राह्यलं तं घशात जाईन. पण सांगून ठेवतो, काढाचं नं बसवाचं काम माझं. राखाचं काम मी कधी केलं नाई."

घरी आल्यावर मैनाबाईनं नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. वरचा ओठ चांगला बोटभर पुढं आला होता. "मारुतीच दिसून राह्यले जी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

कारखान्यात पहिल्याच दिवशी अडचण आली. तोंडात रबर असल्यावर देवाजीला बोलता येईना.

"देवा, तोंड काहून सुजलं गा?" आनंदरावांनी विचारलं.

"म्म्म."

"दात दुखते?"

"म्म्हं."

दुपारपर्यंत त्याच्या मागावर लवंगा, तुरटीचा खडा आणि कडुनिंबाच्या काड्या जमल्या. संध्याकाळी गल्लीत बातमी होती की मैनाबाईनं लाटणं फेकून मारलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं, की रामनवमी जवळ आली आहे, तेव्हा देवाजीनं गळा राखण्यासाठी मौन धरलं आहे. हे शेवटचं देवाजीला आवडलं, म्हणून त्यानं नाकारलं नाही. नाकारायचं म्हटलं असतं तरी बोलता येतच नव्हतं म्हणा.

डाव्या हाताच्या मागावर शालिकराम बसायचा. गेली दहा वर्षं तो पाळण्यात देवाजीच्या मागं उभा राहून झांज वाजवत होता. "धन्य हाय गा तुयी," तो म्हणाला. "आमाले वाटे, एखांद्या वर्षी आपणबी म्हणून पाहू. पण तू तं दीड महिना आधीच मौन धरून राह्यला. तुझ्यापुढं आमचं काय!"

देवाजीनं डोळे मिटून मान हलवली. मनात मात्र म्हणाला, म्हणशील, माझे दात पडल्यावर म्हणशील.

दुसरी अडचण जास्त वाईट होती. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो, तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकाशी आणतो आणि तोंड लावून ते जोरात आत ओढतो. एका श्वासाचं काम. पण तोंडात रबर म्हटल्यावर श्वास ओढला की सूत येईना, नुसती लाळ यायची. दर कांडीला रबर काढायचं, सूत ओढायचं, पुन्हा रबर दाबून बसवायचं, पुन्हा डोळ्यांतून पाणी. दिवसाचं लुगडं अर्ध्यावर आलं. शेवटी मैनाबाई कांड्यांची टोपली घेऊन त्याच्या मागाशी येऊन बसली. एक धोटा चालायचा, तोवर दुसऱ्यातलं सूत ती तोंडानं ओढून तयार ठेवायची.

"दात तुमचे राखाचे नं तोंड माझं झिजवाचं," ती म्हणायची.

"म्म्म," देवाजी म्हणायचा.

रामनवमीला आठ दिवस राहिले असताना व्हायचं ते झालं. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापत होतं. देवाजीच्या तोंडातली लाळ हनुवटीवरून ताण्याच्या उभ्या धाग्यांवर ठिबकत होती. ओल्या जागी दोन धागे चिकटले, एक तुटला आणि आडवा पडला. देवाजी तेव्हा मान वर करून लाळ गिळत होता. त्यानं सवयीनं दोरीला झटका दिला. धोटा आडव्या धाग्याला अडला, उसळला आणि डावीकडे सुटला.

देवाजीनं पाहिलं. एवढ्या वर्षांची सवय, ओरड घशात तयार होती. त्यानं पोटातून जोर लावून हाक मारली. पण रबरामागून जो आवाज निघाला तो गाईच्या हंबरण्यासारखा होता. असा आवाज आठ मागांच्या त्या कारखान्यात कोणी कधी ऐकला नव्हता. त्यामुळं एकाचीही मान खाली गेली नाही. उलट शालिकरामनं कौतुकानं मान वर करून पाहिलं, की मौनी देवाजीला झालं तरी काय.

धोट्याची चोच त्याच्या समोरच्या दोन दातांवर बसली.

माग थांबले. शालिकराम तोंडाला धोतराचा सोगा लावून बसला होता आणि सोगा लाल होत होता. मैनाबाईनं मीठपाण्याचा तांब्या आणला. देवाजीनं रबर उपसून काढलं, आणि महिनाभरात कारखान्यातलं त्याचं पहिलं वाक्य आलं, "मी ओरडलो होतो गा!"

आनंदराव म्हणाले, "ते ओरडणं नोतं, देवा."

"मंग काय होतं जी?"

"ते तुलेच मालूम. पण धोटा म्हणून तं कोणाले ऐकू आलं नाई. कायदा कायदा हाय. शालिक, तू माग काय मागतं ते."

शालिकरामनं दोन चुळा भरल्या. तांब्यातलं पाणी पाहिलं, देवाजीच्या हातातलं लाल रबर पाहिलं. मग फुटक्या तोंडानं म्हणाला, "पाळणा."

वीस वर्षांची पुंजी एका शब्दात मागितली होती. आनंदरावांनाही वाटलं की हे जास्त होतंय. पण देवाजी एकदम म्हणाला, "देला."

लोकांना वाटलं, केवढ्या मनाचा माणूस! मनाचं मोठेपण वगैरे काही नव्हतं. देवाजीला वाईट वाटत होतं हे खरं, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली एक गार, सुखाची गोष्ट बसली होती. दोन दात गेलेला माणूस पाळणा म्हणेल. शिट्टी निघेल. पोरं हसतील. तिसऱ्या कडव्यात शालिकराम खाली बसेल आणि पाळणा पुढच्या वर्षी आपसूक घरी परत येईल. आपल्याला असा विचार सुचावा याची त्याला लाज वाटली, तरी विचार काही त्यानं सोडला नाही.

रामनवमीला दुपारी बाराच्या आत मंदिर भरलं. बाहेर ऊन असं की पायरीवर पाय ठरत नव्हता. पाळणा फुलांनी सजवला होता आणि त्याची दोरी मैनाबाईच्या हातात होती. देवाजी खांबाला टेकून उभा राहिला. गर्दीत कोणाचं कोपर लागेल म्हणून त्यानं रबर घातलं होतं. खरं सांगायचं तर आता त्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

शंख वाजला, गुलाल उडाला. शालिकराम पुढं आला आणि त्यानं पहिलं कडवं उचललं. पहिल्या ओळीतच शिट्टी निघाली, चांगली लांबलचक. दुसऱ्या ओळीत आणखी एक. पुढं बसलेली शालिकरामची स्वतःची नात खुदकन हसली.

देवाजीनं रबरावर दात आवळले. झालं. आता.

शालिकराम थांबला. नातीकडे पाहिलं आणि आपल्या खिंडारातून स्वतःच हसला. "हास वं माय," तो म्हणाला, "बाळाले झोपवाचं नाई, जागं कराचं हाय. आजच जन्मला तो." आणि पुढची ओळ त्यानं मुद्दाम लांबवली. शिट्टी मंदिरभर फिरली. पोरं हसली, बाया हसल्या, आनंदराव हसले. हसता हसता सगळ्यांनी धृपद धरलं. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. चौथं आणि पाचवंही झालं. पाळणा शेवटाला गेला, आणि अशा मोकळ्या गळ्यानं गल्लीनं धृपद देवाजीच्या वीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं.

देवाजीला म्हणता आलं नाही. तोंडात रबर होतं.

तो खांबाला टेकून उभा होता आणि त्याला आपला बाप दिसत होता. तिसरं कडवं, शिट्टी आणि पुढच्या रांगेत बसलेली पोरं. पोरं हसली हे खरं होतं. पण सगळ्यात आधी जे पोर हसलं ते आठ वर्षांचं होतं आणि त्याचं नाव देवाजी होतं. बाकीची त्याचं पाहून हसली. बापानं थांबून इतरांकडे पाहिलंच नाही, फक्त त्याच्याकडे पाहिलं, आणि खाली बसला. ही गोष्ट देवाजीनं बापाला कधी विचारली नाही, बायकोला कधी सांगितली नाही. त्रेचाळीस वर्षं तो आपले दात मोजत राहिला.

घरी जाताना रस्त्यात त्यानं रबर काढून खिशात टाकलं. मैनाबाई प्रसादाच्या सुंठवड्याची पुडी घेऊन बाजूनं चालत होती आणि कोणाचं लुगडं कसं होतं ते सांगत होती. देवाजी ऐकत होता. मग म्हणाला, "मैना, तुझ्या बोलण्यात शिट्टी येते वं."

"बारा वर्ष झाले जी येऊन राह्यली."

"मले ऐकू नाई आली."

"तुमाले तुमच्याच दाताइचं पडलं होतं." ती चालतच होती. "माझाबी तुमच्याच धोट्यानं गेला, इसरले नं तुमी. कांड्या आणून देऊन राह्यली होती मी. तुमी ओरडले होते बरोबर, माझीच मान खाली गेली नाई. म्हून मी काई मागतलं नाई."

देवाजी रस्त्यात उभा राहिला. उन्हात डोळे दिपत होते म्हणून की काय, त्याला पुढचं काही दिसेना.

"मागतलं असतं तं काय मागतलं असतं?"

"आता काय जी त्याचं." मग थोडं चालल्यावर ती म्हणाली, "ते रबर तोंडात घालण्यापरीस धोट्याच्या पेटीत ठोका. धोटा उसळणार नाई. सगळ्याइचे दात वाचन."

दुसऱ्या दिवशी देवाजीनं भैयाजींनी बनवलेलं ते टोपण पात्यानं कापून त्याचे दोन सपाट तुकडे केले आणि बारीक खिळ्यांनी दोन्ही पेट्यांच्या आतल्या टोकाला ठोकले. धोटा येऊन त्यावर मऊ आदळू लागला. त्यानंतर देवाजीचा धोटा एकदाही उडाला नाही. आनंदरावांनी उरलेल्या सात मागांना सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे ठोकून घेतले. "देवाचं डोकं लय चालते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. डोकं कोणाचं होतं हे देवाजीनं दोनदा सांगायचा प्रयत्न केला, पण कोणी ऐकून घेतलं नाही.

श्रावणात एका दुपारी देवाजी भाजलेला भुट्टा खात होता. साधा, कोवळा भुट्टा. तिसऱ्या घासाला समोरचे दोन दात भुट्ट्यातच राहिले. रक्तही फारसं आलं नाही. तो तसाच भुट्टा घेऊन इतवारीत गेला.

"रबर घट्ट कसून ठेवलं होतं गा इतके दिवस," भैयाजी भुट्ट्याकडे पाहत म्हणाले. "मुळं ढिली झाली. मी पहिलेच सांगतलं होतं, राखाचं काम माझं नाई. नवे बसवून देऊ का? त्या शालिकरामले बसवून देले, असे पांढरे हाय का पाहात राहशीन."

"राहू द्या जी," देवाजी म्हणाला.

फाल्गुनात शालिकराम स्वतः घरी आला. नव्या दातांनी त्याचं तोंड भरून गेलं होतं आणि शब्द अगदी कोरे, स्वच्छ निघत होते. "पाळणा तूच म्हण गा देवा. हे दात मले गाऊ देत नाई. जीभ अडखळते. काढून म्हणतो म्हटलं तं घरचे काढू देत नाई."

"माझे तं गेले."

"म्हून तं म्हणून राह्यलो."

रामनवमीला देवाजी उभा राहिला. मैनाबाईच्या हातात दोरी होती. तिच्याकडे एकदा पाहून त्यानं पहिलं कडवं उचललं. शिट्टी निघाली, बापाच्याच सुरात. पुढच्या रांगेतलं कोणाचं तरी पोर हसलं आणि देवाजीची नजर त्याच्यावर पडताच घाबरून त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

देवाजीनं एक हात पुढं करून पोराला खूण केली, हास, हास गा. पोरानं हात काढले. तिसऱ्या कडव्यात देवाजीचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तो खाली बसला नाही. श्वास घेतला, मैनाबाईनं दोरीला हिसका दिला, आणि त्यानं चौथं कडवं उचललं.